वाटेगावचा शाहीर

शाहीर हा शब्द कानी पडला की सुशिक्षित महाराष्ट्रीय माणसाच्या दृष्टीपुढे बहुधा एक जुने चित्र उभे राहते. डोक्यास तुऱ्याचा फेटा, हातात डफ, मागे तुणतुणे छेडणारा साथीदार, आणि कथा सिंहगडाची किंवा प्रतापगडाची. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीचा गाइला. पुढे पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ असे एकाहून एक सरस शाहीर होऊन गेले. आणि १८१८ साली राज्य गेले तेव्हा या विद्येचाही बहर ओसरला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. १८९१ साली ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाडे जमवून ग्रंथरूपाने छापले. त्या दोघांचे उपकार मोठेच आहेत. परंतु तेव्हापासून पोवाडा ही वस्तू आपल्या कपाटात जाऊन बसली, आणि ती मुळात चव्हाट्यावरची वस्तू आहे याचा आपणांस थोडाफार विसर पडला.

ज्या शाहिराविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत, त्याने या समजुतीस चांगलाच धक्का दिला. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी झाला आणि मृत्यू १८ जुलै १९६९ रोजी. म्हणजे आयुष्य उणेपुरे ४९ वर्षांचे. एवढ्या अवधीत त्यांनी पोवाडे रचले, लावण्या आणि छक्कडी रचल्या, वगनाट्ये लिहिली, आणि शिवाय तीसांवर कादंबऱ्या व कथांचे अनेक संग्रह मराठीस दिले. शाळा मात्र त्यांनी पाहिली न पाहिली अशीच होती. हे कसे घडले, याचा उलगडा त्यांच्या प्रवासात सापडतो असे मला वाटते. त्यांनी आयुष्यात तीन मोठे प्रवास केले. पहिला वाटेगावाहून मुंबईपर्यंतचा, तोही पायी. दुसरा मुंबईहून पुन्हा खेड्यापाड्यांकडे, कलापथकासह. आणि तिसरा १९६१ सालचा, सोव्हिएत रशियाचा. या तीन वाटांनी आपण त्यांच्यामागून थोडे चालून पाहू.

वाटेगाव हे वाळवे तालुक्यातील गाव. त्या वेळी तो मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. मुलाचे नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. घराणे मांग समाजातील. या समाजाकडे गावगाड्यात दोर वळण्याचे काम होते, आणि हलगी वाजविण्याचे काम होते. लग्न असो, जत्रा असो, देवाची पालखी असो, मांगाची हलगी कडाडल्यावाचून कार्यास रंग भरत नसे. मात्र वाद्य हवे आणि वाजविणारा दूर हवा, असा गावाचा न्याय होता. त्यातच इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे त्याची व्याप्ती वाढविली. जन्माने अमुक जातीचा, म्हणून चोरी केलेली नसतानाही चौकीवर हजेरी द्यावयाची, अशी स्थिती अनेकांच्या वाट्यास आली. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीचा जो दाह आहे, तो ऐकीव माहितीवर लिहिलेला नाही.

तुकाराम शाळेत जेमतेम दीड दिवस टिकला, असे सांगतात. गुरुजींचा जाच सोसवेना, म्हणून मुलाने पाटीकडे पाठ फिरविली. पण ज्याला आपण शिक्षण म्हणतो ते त्याला अन्य मार्गाने मिळत होते. जात्यावरच्या ओव्या, जत्रेतला तमाशा, रात्रीच्या चावडीवरचे पोवाडे, आणि घराण्यातील पराक्रमी पुरुषांच्या कहाण्या, ही त्याची पाठ्यपुस्तके होती. लोकगीतात एक सोय असते. ते पाठ होण्यासाठीच रचलेले असते. अक्षर न येणाऱ्याच्या मुखातही ते शुद्ध राहते.

१९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस निघाले. आगगाडीच्या भाड्याइतके पैसे गाठीस नव्हते. म्हणून सर्व मंडळी पायी निघाली. वाटेत मिळेल ते काम करावयाचे, चार दिवस पोटास मिळवावयाचे, आणि पुढचा मुक्काम गाठावयाचा, अशा रीतीने हा प्रवास झाला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने घाट, नद्या, माळ, खाणी आणि मजुरांचे तळ पायांनी मोजले. वाटेगावातील माणूस वाटेगावातच राहिला असता, तर आपले दुःख हे आपल्या गावचे दुःख आहे असे त्यास वाटले असते. शेकडो मैल चालल्यावर त्यास कळून चुकते की, प्रत्येक वळणावर तेच दुःख दुसऱ्या नावाने वस्ती करून आहे. पुढे अण्णाभाऊंच्या गाण्यात ‘मी’ कमी आणि ‘आपण’ अधिक येतो, त्याचे बीज या रस्त्यावर पडले असावे.

मुंबईत भायखळ्याच्या वस्तीत राहून या मुलाने हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे वाहिले, घरकाम केले, आणि कालांतराने गिरणीत काम धरले. अक्षरओळखही येथेच झाली. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती हेच त्याचे पहिले पुस्तक. मुंबईसारख्या शहरात गरिबास फुकट मिळणारी अक्षरे हीच, आणि ती ठळक असतात, एवढा त्यांचा गुण. सभा, मोर्चे, संप यांचा तो काळ. गिरणीच्या दारात होणारी भाषणे ऐकून या तरुणास कम्युनिस्ट विचारांची ओढ लागली, ती अखेरपर्यंत टिकली.

मध्यंतरी त्यांना गावी परतावे लागले. तेथे त्यांचे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ त्यात शिरले. ही गोष्ट त्यांच्या कलाजीवनात फार महत्त्वाची आहे. म्हणून तमाशा म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. आपल्यापैकी अनेक घरांत हा शब्द अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो, आणि पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसतो.

तमाशाचे ठराविक अंगांत विभागलेले एक शास्त्र आहे. प्रारंभी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. नंतर गौळण, म्हणजे मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, आणि वाट अडविणारा कृष्ण व त्याचा सवंगडी पेंद्या. या गौळणीत देव अगदी गल्लीतल्या पोरासारखा बोलतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. मग बतावणी, म्हणजे हजरजबाबी संवाद. आणि शेवटी वग, म्हणजे सांगोपांग कथानक. वगाचे संवाद बहुतेक आयत्या वेळी जुळविलेले असावयाचे. राजा, प्रधान आणि हवालदार मूळ कथेत राहतात. पण सोंगाड्या मात्र कथेतून केव्हाही बाहेर येऊन त्या दिवशीच्या, त्या गावच्या गोष्टीवर बोट ठेवू शकतो. पडदा लागत नाही, नेपथ्य लागत नाही. नटाने एक गिरकी घेतली की दिल्लीची पुणे होते. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज एवढ्या सामग्रीवर रात्र सरते. ज्या कलेस जागा लागत नाही, खर्च लागत नाही, आणि जिच्यात आजची गोष्ट आजच सांगण्याची सोय आहे, तिचे सामर्थ्य अण्णाभाऊंनी फडात राहून ओळखले.

१९४२ च्या चळवळीच्या धामधुमीत ते पुन्हा मुंबईत आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहू लागले. येथे त्यांच्या लेखणीस खरा आरंभ झाला. त्यांची पहिली रचना म्हणून जी सांगितली जाते, तिचा विषय आहे लेबर कॅम्पातील डास! विषय ऐकून हसू येते, आणि यावे अशीच योजना आहे. पोवाडा हा वीररसाचा छंद. त्यात शत्रू मोठा असावा लागतो, त्याची फौज, त्याची चढाई, रणधुमाळी यांचे वर्णन असावे लागते. हा सगळा थाट डासांच्या वाट्यास दिला म्हणजे श्रोता प्रथम हसतो. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की, ज्या वस्तीत माणूस रात्रभर निजू शकत नाही, तेथे हा शत्रू खरोखरीच अफजलखानाहून लहान नाही. जुने पात्र तेच ठेवून त्यात नवे पाणी भरण्याची ही युक्ती त्यांनी पुढे जन्मभर वापरली.

तिचा दुसरा मोठा प्रयोग म्हणजे स्टालिनग्राडचा पोवाडा. १९४२ च्या ऑगस्टात सुरू झालेले ते युद्ध २ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मन सैन्याच्या शरणागतीने संपले. मुंबई इलाख्याबाहेर पाऊल न टाकलेला, बर्फ न पाहिलेला एक तरुण व्होल्गा नदीच्या काठच्या रणावर पोवाडा रचतो, याचे कित्येकांस नवल वाटले. परंतु शाहिरी परंपरा ज्यास ठाऊक आहे त्यास नवल वाटू नये. गड, वेढा, उपाशी शिबंदी, घराघरातून लढणारी रयत, आणि अखेर शत्रूचा मोड, या गोष्टी मराठी पोवाड्यास तीनशे वर्षे परिचयाच्या आहेत. अण्णाभाऊंनी रशियातील शहर मराठी मुलखातील गडाप्रमाणे पाहिले. गिरणीतून सुटून आलेल्या कामगारास वर्तमानपत्रातील युद्धवार्ता दूरची वाटत असे. तीच वार्ता डफावर आली तेव्हा त्याची झाली.

१९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ निघाले आणि दुसरा प्रवास सुरू झाला. या पथकात तीन शाहीर प्रमुख होते: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अमर शेखांचा जन्म १९१६ साली बार्शीस झाला. मूळ नाव महेबूब हुसेन पटेल. गळा असा की मैदानातील अखेरच्या माणसापर्यंत शब्द स्पष्ट पोहोचावा. आपल्याकडे होनाजी-बाळा ही जोडी प्रसिद्ध आहे. होनाजीने रचावे आणि बाळा करंजकराने गावे. तशीच वाटणी येथेही पुष्कळ अंशी घडून आली. अण्णाभाऊंच्या शब्दास अमर शेखांचा आवाज मिळाला. एक मांगाच्या घरचा, दुसरा मुसलमानाच्या घरचा. परंतु शाहिरीस हे नवीन नाही. होनाजी गवळी होता, राम जोशी ब्राह्मण, परशराम शिंपी, आणि सगनभाऊ मुसलमान. मराठीत जातीचे कुंपण ज्या थोड्या कलांनी फारसे मानले नाही, त्यांत शाहिरीची गणना करावी लागेल.

हे पथक गिरणगावात, मुंबईच्या चाळींत आणि मैदानांत, तसेच महाराष्ट्रातील गावोगावी फिरले. दुष्काळात सापडलेल्या बंगालवर त्यांनी गाणी म्हटली. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर १९४६ साली गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांचा पोवाडा गाइला. फाळणीच्या वेळी पंजाब आणि दिल्ली जळत असताना त्या दंग्यांवर पोवाडा रचला. ज्या खेड्यात वर्तमानपत्र जात नव्हते आणि नभोवाणीचे यंत्र तर पुढे कित्येक वर्षे गेले नाही, तेथे देशाची बातमी शाहिराच्या तोंडून पोहोचली. पोवाडा कसा चालतो ते पाहा. मुख्य शाहीर चौक गातो. चौकाच्या शेवटी झीलकरी जीजीकार धरतात. मध्येच गाणे थांबते आणि शाहीर गद्यात, बोलण्याच्या ओघात, प्रसंग समजावून सांगतो. ही गद्याची जागा म्हणजे केवळ विसावा नव्हे. गळ्यास विश्रांती मिळते हे खरे. परंतु कालची घटना, शेजारच्या गावची हकीकत, समोरच्या श्रोत्याचा प्रश्न, हे सारे त्या जागी सामावते. म्हणून तोच पोवाडा दोन गावी तंतोतंत सारखा होत नाही.

वगनाट्यात अण्णाभाऊंनी केलेले फेरफार तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यांनी गण ठेवला. परंतु त्यात गणपतीऐवजी मायभूमीस आणि श्रम करणाऱ्या जनतेस वंदन केले. राजा आणि प्रधान यांच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि शेतकरी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘मुंबई कुणाची’ ही नावे ऐकली तरी विषयांची कल्पना येते. सोंगाड्या मात्र त्यांनी जसाच्या तसा ठेवला. भल्याभल्यांची टोपी उडविण्याचा परवाना लोकांनी त्यास पूर्वीच दिलेला होता. मग नवा विदूषक कशास घडवावयाचा? स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई प्रांताच्या सरकारने तमाशावर निर्बंध घातले. एक कारण अश्लीलतेचे सांगितले गेले. त्या काळात याच कलाप्रकारास ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होत गेले, आणि ते रूढ करण्याचे पुष्कळसे श्रेय अण्णाभाऊंस दिले जाते. आज सुशिक्षित कुटुंबे तिकीट काढून लोकनाट्यास जातात. त्या दाराची कडी कोणी काढली हे त्यांस ठाऊक असावे.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गीताविषयी. ‘माझी मैना’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घराघरांत पोहोचली. छक्कड हा लावणीच्याच कुळातील चटकदार, द्रुत चालीचा प्रकार. लावणीत विरहाचे वर्णन विपुल आहे. परंतु तेथे बहुधा स्त्री विरहिणी असते, आणि पती मोहिमेवर गेलेला असतो. अण्णाभाऊंनी हे उलटे केले. येथे पुरुष शोक करतो. तो मोहिमेवर गेलेला नाही. पोटासाठी मुंबईस आलेला आहे, आणि बायको गावी राहिली आहे. ही त्या काळच्या मुंबईची अगदी नित्याची कहाणी होती. साताऱ्याचा, रत्नागिरीचा कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांसह राही, खानावळीत जेवी, आणि दरमहा मनीऑर्डर धाडी. वर्षातून एकदा गणपतीस किंवा शिमग्यास गावी गेला तर गेला. त्याच्या शृंगारास कवितेत जागा नव्हती. ती या गीतात प्रथमच मिळाली.

गीताची रचना पाहा. आरंभी बायकोचे रूपवर्णन येते, आणि ते परंपरेस साजेसे रसाळ आहे. मग निरोपाचा प्रसंग. मग मुंबई, तिचे वैभव आणि त्या वैभवाच्या पायथ्याशी राबणाऱ्यांची दैना. येथपर्यंत हे एका गड्याचे गाऱ्हाणे आहे. आणि मग, श्रोता मैनेच्या आठवणीत पुरता गुंतलेला असतानाच, शाहीर सांगतो की जी स्थिती माझी झाली तीच महाराष्ट्राची झाली. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव व कारवार म्हैसूर राज्यात गेले. डांग आणि उंबरगाव कोणीकडे जाणार हा वाद चालू होता, आणि १९६० साली ते गुजरातेत राहिले. सीमेचा प्रश्न हा नकाशाचा, जनगणनेचा, भाषिक टक्केवारीचा प्रश्न. तो कामगारास समजावून सांगण्यास विद्वानांनी पुस्तिका लिहिल्या. अण्णाभाऊंनी त्यास एवढेच सांगितले की, तुझी बायको तुझ्यापासून दूर आहे ना, मग हेही तसेच आहे. यापेक्षा अधिक स्पष्टीकरणाची गरज उरली नाही.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या चार वर्षांत सभा म्हटली की आधी शाहीर आणि मग वक्ते, असा प्रघात पडला. चळवळीचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची भाषणे आपण जपून ठेवतो. त्या भाषणांपूर्वी मैदान कोणी भरविले आणि तास तास बसवून ठेवले, हेही त्या इतिहासात यावयास हवे.

याच काळात अण्णाभाऊंच्या गद्यासही बहर आला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असा त्या भाषणाचा सुप्रसिद्ध आशय. १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली, तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, आणि ती अण्णाभाऊंनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिकही तिला मिळाले. ‘वैजयंता’ या तमाशातील स्त्रीच्या जीवनावरील कादंबरीवरून त्याच वर्षी चित्रपट निघाला. त्यांच्या गद्यात एक लकब आढळते. वाक्ये लहान, क्रियापदे जोरकस, आणि प्रसंग असे उभे केलेले की जणू पुढल्याच क्षणी झीलकरी जीजीकार धरतील. शाहीर गद्य लिहू लागला तरी डफ पुरता खाली ठेवीत नाही.

१९६१ साली तिसरा प्रवास घडला. सोव्हिएत रशियाचे निमंत्रण आले आणि वाटेगावाहून पायी निघालेला हा माणूस विमानाने मॉस्कोस पोहोचला. मॉस्को, लेनिनग्राड, स्टालिनग्राड, बाकू, ताश्कंद ही शहरे त्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. मराठीत तोवर प्रवासवर्णने थोडी नव्हती. पण ती लिहिणारे बहुधा पदवीधर, विलायतेस शिक्षणास किंवा सरकारी कामास गेलेले गृहस्थ असत. त्यांची दृष्टी इमारतींवर, संग्रहालयांवर आणि शिष्टाचारांवर जाई. अण्णाभाऊ प्रथम माणसाचे हात पाहतात. झाडू मारणारी बाई कशी वागविली जाते, कामगार काय खातो, मुले काय नेसतात, भीक मागणारा दिसतो की नाही, ही त्यांची पाहणी. त्या देशाविषयी त्यांच्या मनात आधीपासूनच भक्तिभाव होता, आणि भक्ताच्या नजरेस काही गोष्टी दिसत नाहीत हे मान्य करावयास हवे. त्या राजवटीचे जे काळेकुट्ट पान पुढे जगापुढे आले, त्याची छाया या पुस्तकावर नाही. तथापि एका गोष्टीचे मोल कमी होत नाही. ज्या शहराचा पोवाडा त्यांनी अठरा वर्षांपूर्वी लेबर कॅम्पात बसून रचला होता, त्या शहराच्या भूमीवर ते प्रत्यक्ष उभे राहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या शहराचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले. पोवाड्यात मात्र जुने नाव राहिले. पोवाड्यातील नावे सरकारी आदेशाने बदलत नाहीत.

एवढे सारे झाल्यावर शाहिराच्या घरी सुबत्ता आली असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली, आणि त्यांचे पुष्कळसे लेखन तेथेच झाले. अखेरच्या दिवसांत गोरेगावास सरकारी वसाहतीत घर मिळाले. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेखही मोटार अपघातात गेले. रचणारा आणि गाणारा एकाच पावसाळ्यात निघून गेले.

मान पुढे आला. २००२ साली भारतीय टपाल खात्याने अण्णाभाऊंच्या चित्राचे तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसविण्यात आला. दरवर्षी १ ऑगस्टला त्यांची जयंती गावोगावी साजरी होते. हे सर्व उचितच आहे. परंतु पुतळ्यास हार घालणे सोपे आणि पोवाडा ऐकणे कठीण, अशी आपली गत होऊ नये.

कठीण का, तेही सांगितले पाहिजे. शाहिराची रचना छापली की ती निम्मी होते. कागदावर शब्द येतात. ढोलकीचा ठेका येत नाही, झीलकऱ्यांची ओढ येत नाही, आणि मधली बोलण्याची जागा तर पूर्ण मोकळी पडते. मग आपण ती कविता म्हणून वाचतो, आणि यमके साधी आहेत, तीच तीच पदे फिरून येतात, असा शेरा मारून पुस्तक मिटतो. पण तीच पदे फिरून येतात ती ऐकणाऱ्याने बरोबर म्हणावे यासाठी. यमक साधे असते ते एकदा ऐकून पाठ व्हावे यासाठी. रानातून घरी जाताना किंवा पाळी संपवून चाळ चढताना माणसास जे आपसूक आठवते, तेच लोकगीत. या कसोटीवर अण्णाभाऊंची रचना पारखावयाची. ग्रंथालयातील मेजावर नव्हे.

तेव्हा सुशिक्षित श्रोत्यांस एक छोटीशी सूचना करून हे भाषण पुरे करतो. अण्णाभाऊंचे एखादे गीत किंवा वगनाट्य मिळवावे, आणि ते मनात न वाचता घरात मोठ्याने वाचावे. चौक संपला की क्षणभर थांबावे. घरातील मुलांस झील धरावयास सांगावे. ती आनंदाने धरतील, कारण त्यांस अजून संकोच शिकविलेला नाही. गद्याच्या जागी आपल्या गल्लीतील, आपल्या गावातील आजची गोष्ट घालावी. असे दोनदा केले म्हणजे ध्यानात येईल की, पेशवाईबरोबर जी विद्या लोपली असे आपण मानीत होतो ती लोपलेली नव्हती. ती माटुंग्याच्या एका वस्तीत, डासांच्या सहवासात, आपल्या येण्याची वाट पाहत होती.